टिकाव जाईल तिथं

चुन्याच्या फक्कीची पांढरी ओळ माळाच्या उतारावर अशी पडली होती, जणू कुणी लुगड्याचा काठ वाळत घातलाय. तिच्या खालच्या अंगाला आम्ही साऱ्या बाया उभ्या होतो. टिकाव होते, फावडी होती, घमेली होती, पदर खोचलेले होते. फक्त टिकावाला कुणी हात लावत नव्हतं.

"काय गं, मुहूर्त बघायलाव का?" सरपंच उत्तमराव सानप खालच्या पायवाटेवरून ओरडला. "का टिकावाला बाशिंग बांधायचं राहिलंय?"

एरवी त्याच्या टोमण्याला उलटा टोमणा तयार असायचा. त्याच्या पोटावर आणि त्याच्या काळ्या चष्म्यावर आमच्याकडं गाणीच होती. त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. वैशाखाचं ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि आम्ही पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या होतो.

मग गयाबाई पुढं झाली. आमच्यात सगळ्यात म्हातारी. ती ओळीपाशी गेली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, बरोब्बर फक्कीवर. बसल्या बसल्या तिनं जात्यावर म्हणतात तशा बारीक आवाजात म्हटलं,

"माळाच्या गं उतारावं, मऊ मुरमाची शेज
निजली माझी मैना, कुणी उठवू नका आज."

माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. टिपणीस बाई आमच्याकडं आणि गयाबाईकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

टिपणीस बाई भूजलाच्या शास्त्रज्ञ. पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि हातात हातोडी. दिसेल त्या दगडाला ठोकून बघायची सवय, म्हणून आमचं हिंगणमाळ त्यांना 'खडकाच्या बाई' म्हणायचं. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. पाणी शोधणारे पुष्कळ येऊन गेले होते. कुणी नारळ घेऊन, कुणी यंत्र घेऊन. ते बोट दाखवायचे आणि जायचे. या बाई मात्र आल्या आणि म्हणाल्या, मला एकटीला कळणार नाही, तुम्ही बरोबर या. मग आम्ही दर महिन्याला टेप सोडून विहिरींचं पाणी मोजायला लागलो. कुठल्या विहिरीला कुठल्या बाजूनं पाझर येतो हे आम्हाला भरल्या घागरींमुळं माहीत होतं, त्यांना खडकांमुळं. शाळेच्या अंगणात आम्ही गावाचा नकाशा रांगोळीनं काढला. पाण्याला निळी, मुरमाला तांबडी, पाषाणाला काळी. त्या नकाशावर एक दिवस दिसलं, की गावविहिरीचं सगळं पाणी या एका उतारावरून जमिनीत शिरतं.

त्यावरच गावानं ठराव केला होता. गावात नवीन बोअर पाडायचं नाही. पावसाआधी उतारावर चर खणायचे, पळणारं पाणी अडवायचं, मुरवायचं. उत्तमरावाला हे पटलं नव्हतं. त्यानं बोअरची गाडी सांगून ठेवली होती. वैशाखात चर झाले नाहीत, तर ती गाडी येणार आणि गावविहिरीच्या अंगालाच बोअर पडणार, असं त्यानं भर सभेत कबूल करून घेतलं होतं. शेजारच्या वाडीत तसं झालेलं आम्ही बघितलं होतं. खोल बोअरनं एक उन्हाळा धो धो पाणी दिलं, मग वरच्या विहिरी आटल्या, मग बोअरही आटलं. आता तिथल्या विहिरींत पारवे राहतात.

म्हणजे त्या सकाळी टिकाव उचलला नाही तर काय होणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी उचलवत नव्हता.

मीच शेवटी गेले. नकाशाच्या कामात मी बाईंच्या सगळ्यात जवळ होते.

"बाई, जरा त्या बाभळीखाली चला."

"काय झालं सोजर? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"चला तर."

बाभळीची सावली कसली, चाळणीतून पडावं तसं ऊन. तिथं उभं राहून मी त्यांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं. आमच्याकडं लहान लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. ती सगळी या उतारावर आहेत.

बाईंनी उतारावर खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं गं. रांगोळीवर बोट ठेवून विचारलं होतं, या उतारावर काय आहे?"

"विचारलं व्हतं."

"तुम्ही सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलंत, काही नाही."

"मग दुसरं काय सांगणार? आमच्यात तसंच म्हणत्यात, बाई. लेकरू गेलं की बाप्या माणूस त्याला फडक्यात घेतो आन तिकडं जातो. आईनं मागं जायचं न्हाई. जागा विचारायची न्हाई. वर दगूड ठिवायचा न्हाई. कुणी विचारलं तिकडं काय हाय, तर म्हणायचं, काय न्हाई."

"आणि तुझं?"

"हाय की. एक. मुलगी." मी म्हटलं. "बारसं व्हायचं व्हतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, काही समजुतीचं बोलल्या नाहीत. हातोडी उचलली आणि उतार चढायला लागल्या. मी मागं गेले. ओळीच्या वर जरा चढलं की मुरूम संपतो आणि उघडा पाषाण लागतो. तिथं त्यांनी हातोडी घातली. ठिणगी उडाली, कपचीसुद्धा निघाली नाही. "इथं चर घेतला तर पाणी वरच्या वर वाहून जाईल," त्या म्हणाल्या. "आणि पहारीनंही खणता येणार नाही." मग खाली उतरल्या. खाली चिकण काळी माती. "इथं साचेल, पण आत जाणार नाही. उन्हात उडून जाईल." त्या पुन्हा मधल्या पट्ट्यात येऊन उभ्या राहिल्या. तांबूस, भुसभुशीत मुरमाचा पट्टा. एवढ्या थोरल्या माळावर तेवढाच.

"एवढा मोठा माळ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी इथंच का आणली?"

"बाई, उन्हाळ्याचा दिस. एका हातावर लेकरू, दुसऱ्या हातात टिकाव. माणूस कुठं खणंल? टिकाव जाईल तिथं."

बाईंनी वाकून मूठभर मुरूम उचलला.

"पाणीही तिथंच जातं, सोजर. जमीन मऊ आहे म्हणून."

आम्ही दोघी त्या जमिनीकडं बघत राहिलो. त्यांना जे माहीत होतं आणि मला जे माहीत होतं ते एकाच जागी येऊन थांबलं होतं, आणि आता तिथून हलत नव्हतं.

"मी काम थांबवते," बाई म्हणाल्या. "तुमच्या लेकरांवर टिकाव घाला, असं मी कुणाला सांगू शकत नाही."

"आन जित्या लेकरांला काय पाजू?"

  बाईंचं डोकं ओळीच्या मागं लागलेलं होतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "चर सलगच पाहिजे असं नाही. तुकड्या-तुकड्यानं घेता येईल. मधे जागा सोडून. फक्त कुठं सोडायची ते कळायला हवं."

"ते आम्हाला ठावं न्हाई."

"तुमच्या पुरुषांना ठाऊक असेल ना?"

दुपारी मारुतीच्या पारावर पुरुष बसले होते. आम्ही पाराखाली उभ्या राहिलो. बोलली गयाबाईच. "ज्यानं ज्यानं लेकरू नेलंय, त्यानं वर चला आन जागा दावा," ती म्हणाली. "आम्ही रडणार न्हाई, भेकणार न्हाई. तेवढी जागा दावा."

 पुरुष एकमेकांकडं बघेनात. कुणी चुना मळायला लागला, कुणी पायताणाचा अंगठा बघत बसला.

"आता मेल्याली लेकरं हुडकायची का?" उत्तमराव उसळला. "आमच्या बापजाद्यांनी कधी असलं केलं न्हाई. येडं लागलंय ह्या बायांला. बोअर पाडू, एका दिसात पाणी. न कुणाला उठवायचं, न बसवायचं."

गयाबाईनं त्याच्याकडं मान वर करून बघितलं. "उत्तम, तुझी थोरली कुठं हाय?"

उत्तमरावाची बायको रुक्मिण आमच्यातच उभी होती. तिला आधी एक मुलगी झाली होती, हे गावाला माहीत होतं आणि गावाला माहीत नव्हतं. उत्तमरावानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठला आणि माळाकडं चालू लागला.

आम्ही मागं अंतर ठेवून गेलो. उतारावर तो इकडं तिकडं न बघता सरळ एका जागी गेला. त्याला शोधावं लागलं नाही. एक दगड उचलून त्यानं जमिनीवर ठेवला आणि आमच्याकडं पाठ करून म्हणाला, "हितं." रुक्मिण पुढं झाली. उकिडवी बसली आणि तापल्या मुरमावर तळहात टेकवला. चटका बसत असणार, पण तिनं हात उचलला नाही. उत्तमराव पाठमोराच उभा राहिला.

मग बाकीचे आले. एकेक जण यायचा, जरा थबकायचा, दगड ठेवायचा. जे पुरुष आता हयात नव्हते त्यांचे भाऊ आले, बरोबर गेलेले सोबती आले. एका म्हाताऱ्यानं दोन दगड ठेवले आणि तिसऱ्यासाठी तसाच फिरत राहिला, शेवटी गयाबाईनं त्याच्या हातातून दगड घेतला आणि म्हणाली, "ठिव कुठं बी. त्यो जवळच आसंल." ती तिन्ही लेकरं तिची होती. टिपणीस बाई प्रत्येक दगडाभोवती फक्कीचं कडं काढत होत्या. वाकून, सावकाश, बोटांच्या चिमटीतून. उंबऱ्यापुढं रांगोळी घालावी तसं.

सांज होईतो उतारावर कडीच कडी झाली. माझं कडं त्यात नव्हतं.

माझ्या मुलीला माझ्या सासऱ्यांनी नेलं होतं. येसबा नागरगोजे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मालक तेव्हा ऊसतोडीला होते; त्यांना कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जागा ठाऊक असणारा जगात एकच माणूस, आणि तो माळावर फिरकला नव्हता.

त्या रात्री मी दाराच्या चौकटीआडून पदर सावरून म्हटलं, "मामा, समद्यांनी दगूड ठिवलं."

"बरं."

"आपलं तेवढं राहिलंय."

"मला आठवत न्हाई."

"मामा, तुमच्या आज्याच्या बैलांची नावं तुम्हाला आठवत्यात."

"न्हाई म्हणलं ना एकडाव!"

कधी आवाज न चढवणारा माणूस. मी ताट वाढून ठेवलं, त्यांनी ते तसंच ठेवलं. मला राग आला. इतक्या वर्षांत मी काही मागितलं नव्हतं. मुलगीही मागितली नव्हती. फक्त ती कुठल्या मातीत आहे एवढं मागत होते, आणि तेवढंही या घरात मला मिळत नव्हतं.

सकाळी आम्ही पुन्हा उतारावर जमलो. टिपणीस बाईंनी पाणी भरलेली नळी लावून पातळी पुन्हा जुळवली, दगड चुकवून ओळ तुकड्या-तुकड्यांनी आखली. मधे एक लांब मोकळा पट्टा आला, तिथं एकही दगड नव्हता. तिथं त्या थांबल्या.

"सोजर, या सगळ्या म्हणताहेत, तुझी जागा कळल्याशिवाय टिकाव उचलायचा नाही."

"त्या गाडीवाल्याचा फोन आलाय," उत्तमराव म्हणाला. आज त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "दुपारपोतर सांगा म्हणतोय. मी तरी किती लांबवू?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले असते, असू द्या, खणा. पण जिभेवर येईना. उद्या कुणाचा तरी टिकाव तिच्यावर पडला असता आणि त्या बाईला जन्मभर झोप आली नसती.

तेवढ्यात मामा येताना दिसले. काठी टेकत, काखेत एक दगड घेऊन. बायांनी पदर ओढून वाट दिली. ते कुणाकडं न बघता त्या मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध गेले आणि मला खुणेनं बोलावलं. मी जवळ गेले.

"पोरी, त्यांच्याकडं पाठ कर," ते म्हणाले.

मी पाठ केली.

"त्या साली जमीन लोखंड झाल्ती. हितली सुदीक. माझ्या पोटात अन्न नव्हतं, हातात जोर नव्हता. गुडघ्याएवढं बी खणलं न्हाई गं. वर माती लोटली, बाभळीची काटी टाकली आन आलो." त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मला त्यांच्या ओठांकडं बघावं लागलं. सासऱ्यांच्या तोंडाकडं मी असं कधी बघितलं नव्हतं. "दुसऱ्या दिशी सकाळी मन राहीना, म्हणून आलो. काटी लांब पडल्याली. खड्डा उघडा. नुसतं फडकं व्हतं."

वारं पडलं होतं. खाली कुणीतरी खोकलं.

"कुत्री म्हणावी का कोल्ही, देवाला ठावं. मी लई हुडकलं. त्या वड्यापोतर गेल्तो. घरी येऊन तुला काय सांगणार व्हतो?" त्यांनी काखेतला दगड दोन्ही हातांत घेतला.  "आता ह्या समद्या बघायल्यात. सांग, ह्यो कुठं ठिवू?"

मी काय म्हणाले असते? माझ्या पायाखालची माती एवढी मऊ होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. लाकूडफाट्याला जाताना ज्या उताराला मी लांबून वळसा घालायचे, पौषाच्या थंडीत ज्याच्याकडं बघून वाटायचं, गारठत असेल का, त्या उतारावर माझं काहीच नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पण समोर हा म्हातारा दगड धरून उभा होता. मागं सगळं गाव होतं. मी नुसती मान हलवली असती तरी गावानं विचारलं असतं, का गं, काय झालं? आणि मग त्या खड्ड्याची खोली गावभर मोजली गेली असती.

मुरमात दगड ठेवावा, तर ओळ तोडावी लागणार. पाणी जिथं सगळ्यात चांगलं मुरतं, तीच जागा कुणी नसताना सोडावी लागणार.

मी मामांच्या हातातून दगड घेतला. चार पावलं वर चढले, मुरूम संपतो तिथं, उघड्या पाषाणावर, आणि दगड ठेवला. वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हितं."

बायांनी दगडाकडं बघितलं. कुणी मनातल्या मनात हात जोडले असतील.

टिपणीस बाई फक्कीची पिशवी घेऊन वर आल्या. दगडापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाखाली तोच पाषाण होता, आदल्या दिवशी ज्यातून त्यांच्या हातोडीनं नुसती ठिणगी निघाली होती. तिथं पहारीनंही काही खणता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं. त्यांनी त्या खडकाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून उभ्या राहिलेल्या मामांकडं बघितलं, बराच वेळ.

आणि वाकून त्यांनी त्या दगडाभोवती कडं काढलं. बाकीच्यांभोवती काढलं होतं तसंच. गोल, भरीव, कुठं तुटू न देता. हात झटकत त्या सरळ झाल्या. 

"या दगडाला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "इथं ओळ सरळ जाते. चला, बायांनो."

पहिला टिकाव गयाबाईनं घातला. मग सगळ्यांचे पडायला लागले. उत्तमरावानं खाली जाऊन फोन केला, आणि शर्ट काढून, चष्मा तसाच ठेवून, घमेली उचलायला आला. कुणीतरी त्याच्या पोटावरचं गाणं हळूच सुरू केलं आणि कडव्याच्या मधेच सोडून दिलं. मी त्या मोकळ्या पट्ट्यात खणत होते. सरळ, न थांबता. माझ्या टिकावाखाली नुसता मुरूम निघत होता, आणि तो नुसताच निघणार हे मला एकटीला माहीत होतं. एकटीला नव्हे. आम्हा तिघांना.

याला आता बरीच वर्षं झाली. बोअरची गाडी त्या साली आली नाही, पुढंही आली नाही. गावविहिरीचं पाणी बऱ्या पावसाला चैत्र काढतं, वाईट पावसाला शिमग्यातच तळ दिसतो आणि टँकरची वाट बघावी लागते. आम्ही अजून टेप सोडतो. चर भरून आले की दगडांभोवती पाणी उभं राहतं, चार दिवसांनी पाणी जातं आणि दगड राहतात. ते पाणी पिताना कुणी कधी काही बोललेलं मी ऐकलं नाही. टिपणीस बाईंनी मला त्या दगडाबद्दल कधी विचारलं नाही. मालकांनाही मी सांगितलेलं नाही. ते गावी आले की वर जातात, दगडापाशी जरा उभे राहतात आणि येतात.

मामा मात्र त्या दिवसापासून रोज वर जायला लागले. भाकरी खाऊन निघायचे, त्या उघड्या पाषाणावर दगडाला पाठ लावून बसायचे. ऊन असो, वारं असो. मी एकदा म्हटलंसुद्धा, मामा, तिथं कशापायी बसता, तिथं काय हाय? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरलेय.

शेवटच्या वर्षी डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी जायचे. खाली मी चारा कापत असले की दिसायचं: माळावर कुठं कुत्रं निघालं, लांबून जरी जात असलं, तरी मामा धडपडत उठायचे आणि ते दिसेनासं होईपर्यंत काठी उगारून उभे राहायचे.